सुई हिरव्यात आहे ना?

विमान धावपट्टीकडे सरकू लागलं, की हवाईसुंदरी मधल्या वाटेत येऊन उभी राहते. दोन्ही हात पुढे करून दारं दाखवते, पिवळं जाकीट गळ्यात घालून दाखवते, जमिनीवरच्या दिव्यांच्या रांगेकडे बोट करते. आपण काय करतो? कुणी मोबाइलवर शेवटचा निरोप पाठवतो, कुणी वर्तमानपत्र उघडतो, कुणी डोळे मिटून प्रार्थना करतो. मीही त्यातलाच. विमानात बसलो की मनातल्या मनात दुआ म्हणायची आणि खिडकीतून ढग बघायचे, एवढंच मला ठाऊक होतं. विमानातल्या यंत्रांशी कवीचा काय संबंध? मी साधा बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी शाळेतच फारकत झालेली.

पण या विषयाशी माझा संबंध आला. तो मी मागून घेतला नव्हता.

२०१२ सालची गोष्ट. माझा थोरला भाऊ शारजात नोकरीला होता. आमच्या कोकणात घरटी एक माणूस आखातात असतोच. आमच्या घरातला तो हा. तिथेच तो आजारी पडला. रुग्णालयातून फोन आला, 'लवकर या.' पुतण्याने धावपळ करून व्हिसा पाठवला. मी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. तिकीट हातात होतं, पण घाट उतरताना गाडी अडकली आणि मी विमानतळावरच्या खिडकीपाशी सगळ्यांत शेवटी पोहोचलो. तिथे मला सांगण्यात आलं, की तुम्हाला या विमानाने जाता येणार नाही. एक दार बंद ठेवावं लागणार आहे, म्हणून प्रवासी कमी केले आहेत.

मला काही समजेना. दार बंद ठेवणार म्हणजे काय? विमान उडणार आहे, इंजिनं ठीक आहेत, वैमानिक जागेवर आहे आणि एका दारासाठी माझी जागा जाणार? मी आवाज चढवला. भाऊ अत्यवस्थ आहे म्हणून सांगितलं. कंपनीच्या माणसाने शेवटी निळ्या कपड्यांतल्या एका तरुण तंत्रज्ञाला बोलावलं. विशी-पंचविशीचा मुलगा. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, त्या दाराच्या स्लाइडची सुई हिरव्यात नाही. बदली स्लाइड इथे नाही. मी सही करू शकत नाही."

मी त्याला नको ते बोललो. तो मान खाली घालून उभा राहिला, पण त्याने सही केली नाही.

मी दुसऱ्या दिवशीच्या विमानाने गेलो. भाऊ त्या पहाटे गेला होता. दुपारच्या नमाजनंतर दफन झालं होतं. मी संध्याकाळी कबरीपाशी पोहोचलो तेव्हा माती अजून ओली होती. ओंजळभर माती देण्याचा हक्क एका सुईने हिरावून घेतला, ही गोष्ट माझ्या मनात बरीच वर्षं सलत राहिली.

माझा भाचा मुंबईत विमानदुरुस्तीच्या एका कार्यशाळेत कामाला आहे. एका ईदला मी त्याच्यापुढे हे सगळं ओकलो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामू, मी तेच काम करतो. त्याच स्लाइडच्या घड्या घालतो. एकदा येऊन बघा." परवानगी काढून त्याने मला नेलं. तिथे जे पाहिलं आणि त्यानंतर वाचून, विचारून जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

स्लाइड म्हणजे घसरगुंडी. बागेतल्या मुलांच्या घसरगुंडीसारखीच, फक्त ही हवेने फुगते. विमानाचं दार जमिनीपासून बरंच उंच असतं. एरवी आपण शिडीने किंवा त्या लांबलचक बोगद्यातून ये-जा करतो, म्हणून ती उंची जाणवत नाही. पण विमानाला आग लागली, तर शिडीची वाट बघायला वेळ नसतो. नियम असा, की दाराचा उंबरा जमिनीपासून सहा फुटांपेक्षा उंच असेल, तर तिथे माणसं उतरवण्याचं साधन विमानातच हवं. ते साधन म्हणजे ही घसरगुंडी. दाराच्या आतल्या बाजूला, खाली, एक फुगीर पेटी दिसते. पुष्कळांना ते दाराचंच पोट वाटतं. त्या पेटीत ही घसरगुंडी घड्या घालून ठेवलेली असते.

आता वेळेचा हिशेब बघा. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९६५ साली नियम केला, की विमान कंपनीने प्रवाशांनी भरलेलं विमान दोन मिनिटांत रिकामं करून दाखवलं पाहिजे. १९६७ साली ही मुदत ९० सेकंदांवर आणली, आणि नवं विमान बनवणाऱ्यालाही ही परीक्षा लागू केली. आज जगभर हाच दंडक मानतात. या परीक्षेत विमानात अंधार असतो आणि निम्मीच दारं उघडता येतात. कुठली निम्मी, ते आतल्या लोकांना आधी सांगत नाहीत. कारण खऱ्या अपघातात एका बाजूला आग असली, तर तिकडची दारं उघडून चालत नाही. एअरबस ए-३८० या दुमजली विमानाची ही परीक्षा मार्च २००६ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्ग इथे झाली. विमानात ८७३ माणसं होती. १६ दारांपैकी फक्त ८ दारं वापरून ती सगळी ७८ सेकंदांत बाहेर पडली. आमच्या गावच्या एस.टी.तून पन्नास माणसं उतरायला याहून अधिक वेळ लागतो!

पण ९० सेकंदांतले पहिले काही सेकंद घसरगुंडीचे असतात. दार उघडलं, की ती बाहेर पडून फुगली पाहिजे, आणि तेही सहा सेकंदांच्या आत. कुणी बटण दाबायचं नाही, कुणी पंप मारायचा नाही. ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेगाचा वारा आडवा वाहत असला, तरी ती वापरण्याजोगी उभी राहिली पाहिजे. हे होतं कसं?

विमान निघताना वैमानिक दारं 'आर्म' करायला सांगतो, ते तुम्ही ऐकलं असेल. आर्म करणं म्हणजे दार सज्ज करणं. घसरगुंडीच्या एका टोकाला धातूची दांडी असते. सज्ज करताना ती दांडी उंबऱ्याशी जमिनीत अडकवतात. बोइंग ७३७ विमानात हवाईसुंदरी दारापाशी वाकून हे काम हाताने करते आणि दाराच्या छोट्या खिडकीवर एक लाल पट्टी आडवी लावते. बाहेरच्या माणसाला इशारा, की दार सज्ज आहे, उघडू नकोस. मोठ्या विमानांत हेच काम दाराजवळच्या खटक्याने होतं. आता दांडी जमिनीला आणि पेटी दाराला. दार उघडलं, की पेटीतून घसरगुंडी ओढली जाते, खाली पडते, पडताना तिच्या वजनाने एक दोरी ताणली जाते आणि दोरीला बांधलेली खीळ सुटते. खीळ सुटली, की दाबाने भरलेल्या बाटलीतला वायू मोकळा होतो.

त्या बाटलीकडे बघून मी भाच्याला विचारलं, "एवढ्याशा बाटलीत एवढी मोठी घसरगुंडी भरेल इतका वायू मावतो?" तो हसला. म्हणाला, "मावत नाही. म्हणूनच गंमत आहे. मामीच्या गॅसच्या शेगडीला खाली भोकं का असतात, सांगा." मला ठाऊक नव्हतं. शेगडीच्या नळीतून गॅस जोरात जातो, तेव्हा तो आजूबाजूची हवा त्या भोकांतून आत ओढून घेतो. घसरगुंडीतही तसंच. बाटलीतला नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एका अरुंद तोंडातून वेगाने सुटतो आणि बाहेरची हवा सोबत ओढत नेतो. घसरगुंडी फुगते ती मुख्यतः आपल्या आसपासच्या हवेने. बाटलीतला वायू फक्त तिला हाक मारतो. आत गेलेली हवा परत येऊ नये म्हणून तिथे झडपा असतात, त्या दाब भरला की मिटतात.

आता सुईचा अर्थ कळतो. बाटलीवर दाब दाखवणारं एक छोटं घड्याळ असतं. त्यात हिरवा पट्टा असतो. सुई हिरव्यात असली, की बाटलीत पुरेसा दाब आहे. सुई खाली उतरली, तर वायूचा वेग कमी पडणार, वेग कमी पडला तर तो बाहेरची हवा नीट ओढणार नाही आणि घसरगुंडी लुळी पडेल. अर्धवट फुगलेली घसरगुंडी ही नसलेल्या घसरगुंडीपेक्षा वाईट, कारण तिच्यावर माणसं विश्वासाने उडी मारतात. हा दाब तापमानाप्रमाणेही बदलतो. थंडीत सुई थोडी उतरते, उन्हात चढते. म्हणून तपासणाऱ्याला तापमानाचं कोष्टकही बघावं लागतं. नुसत्या अंदाजाने 'चालेल' म्हणता येत नाही.

कार्यशाळेत शिरताना मला अंगठी, घड्याळ आणि खिशातलं पेन बाहेर ठेवायला सांगितलं. कवीला पेन बाहेर ठेवायला सांगणारी ती पहिलीच जागा! कारण साधं होतं. टोकदार वस्तू कापडाला लागायला नको. आत एक घसरगुंडी फुगवून ठेवली होती. दुरून रुपेरी करडी दिसत होती. कापड नायलॉनचं, त्यावर हवा न सुटू देणारा लेप आणि त्यावर उष्णता परतवणारा, अॅल्युमिनियमची पूड असलेला थर.

या रुपेरी रंगामागेही एक अपघात आहे. १ मार्च १९७८ रोजी लॉस एंजेलिस विमानतळावर होनोलुलूला निघालेल्या एका डीसी-१० विमानाचे टायर फुटले, उड्डाण रद्द करावं लागलं आणि विमान धावपट्टीबाहेर जाऊन पेटलं. दारं उघडली, घसरगुंड्या फुगल्या, लोक उतरू लागले. पण आगीची नुसती धग लागून घसरगुंड्या निकामी झाल्या. आत उरलेल्यांना दोरीला धरून किंवा उडी मारून उतरावं लागलं. त्यानंतर धग सोसणाऱ्या कापडाचा शोध सुरू झाला आणि १९८३ साली घसरगुंडीच्या कापडाने ठराविक वेळ धग सोसली पाहिजे असा दंडक आला.

भाचा म्हणाला, "कापड पेटीत नुसतं पडून असतं, तरी म्हातारं होतं." ओल, उष्णता, दमट हवा, विमान उतरताना बसणारे हादरे, यांनी घडीच्या जागी कापड झिजतं. सांध्यांचा चिकटा सुटू लागतो. झडपेचं रबर कडक होतं. म्हणून विमानात रोज बाटलीची सुई बघतात आणि ठराविक मुदतीने संपूर्ण घसरगुंडी विमानातून काढून कार्यशाळेत आणतात. ही मुदत बनवणारी कंपनी ठरवते. साधारण तीन वर्षं धरा. घसरगुंडीचं वय झालं, की मुदत कमी होते. आपल्यालाही चाळिशीनंतर डॉक्टर दरवर्षी बोलावतात, तसंच.

कार्यशाळेत आधी तिची घडी उलगडतात. बोटाने चाचपत प्रत्येक शिवण, प्रत्येक पट्टा, प्रत्येक दोरी बघतात. मग तिला फुगवून तासन् तास तशीच ठेवतात आणि दाब किती उतरला ते मोजतात. उतार ठरल्यापेक्षा जास्त असला, तर कुठेतरी गळती आहे. मग साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधायचा, आपल्या गल्लीतला सायकलवाला ट्यूबचं पंक्चर शोधतो तसा. बाटलीची वेगळी परीक्षा. तिच्यात पाणी भरून वापरातल्या दाबापेक्षा अधिक दाब देतात. ती टिकली तरच पुढच्या मुदतीसाठी पास. घसरगुंडीच्या कडेचे दिवे, त्यांची बॅटरी, खीळ ओढणारी दोरी, सगळं तपासायचं.

आणि मग सगळ्यांत अवघड काम. घडी.

माझे चाचा मासेमारी करायचे. लहानपणी मी त्यांच्यासोबत होडीवर जायचो. जाळं होडीत नुसतं टाकत नाहीत. ज्या क्रमाने ते पाण्यात उतरायचं, त्याच्या उलट क्रमाने घालून ठेवतात. जे शेवटी जायचं ते तळाशी, जे आधी जायचं ते वर. एक फेर चुकला, की भर समुद्रात गुंता. चाचा जाळं घालत असताना आम्हाला बोलायची मुभा नसायची. कार्यशाळेतही मी तीच शांतता पाहिली. लांब टेबलावर ती प्रचंड घसरगुंडी पसरलेली, आतली हवा यंत्राने शोषून घेतलेली, दोघं-तिघं जण पुस्तिकेतलं चित्र बघून एकेक घडी घालताहेत. मध्ये मध्ये पातळ दोऱ्यांनी घड्या बांधतात. हे दोरे तुटण्यासाठीच असतात. आधी हा तुटायचा, मग तो, म्हणजे घसरगुंडी एकदम न फुगता टप्प्याटप्प्याने उलगडते. नाहीतर ती विमानाच्या पोटाखाली फुगेल किंवा पीळ खाईल. घडी झाली, की दाबून पेटीत बसवायची. त्या आधी आत एखादं हत्यार राहिलं नाही ना, हे मोजून बघायचं. शेवटी कागद. कुठल्या क्रमांकाची घसरगुंडी, कुठले भाग बदलले, कुणी केलं, कुणी तपासलं. दोन सह्या.

मी भाच्याला विचारलं, "तू घातलेली घडी कधी उघडताना पाहिलीस?" तो म्हणाला, "इथे चाचणीत पाहिली. खऱ्या प्रसंगात नाही. अल्लाच्या कृपेने कधी बघायची वेळ न येवो." मग थोडं थांबून म्हणाला, "आमच्या कामाचं यश म्हणजे ते कुणाला कळूच नये."

एक पेटी, तिचं एक झाकण. एवढ्याशा गोष्टीने काय होतं, हे २२ ऑगस्ट १९८५ रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टरला दिसलं. कोर्फू बेटावर सुटीला निघालेल्या बोइंग ७३७ विमानाचं इंजिन धावपट्टीवरच फुटलं आणि आग लागली. वैमानिकाने उड्डाण रद्द केलं. विमान जमिनीवरच होतं, अग्निशमन दल हाकेच्या अंतरावर होतं. पुढचं उजवं दार उघडायला एक कर्मचारी धावला. दार थोडं उघडलं आणि अडकलं. घसरगुंडीच्या पेटीचं झाकण दाराच्या चौकटीत अडकलं होतं. त्याने ते तसंच सोडून डावं दार उघडलं, मग परत येऊन उजवं मोकळं केलं. त्यात जे सेकंद गेले, तेवढ्यात धूर विमानभर पसरत होता. पंखावरचं दार उघडायलाही वेळ लागला, कारण ते कसं उघडायचं हे शेजारी बसलेल्या प्रवाशाला ठाऊक नव्हतं. विमानातल्या १३७ जणांपैकी ५५ जण गेले, बहुतेक सारे धुराने गुदमरून. त्या चौकशीतून पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. आज पंखावरच्या दाराजवळच्या प्रवाशांना हवाईसुंदरी वेगळं समजावून सांगते, त्यामागे अशीच माणसं आहेत, जी परत आली नाहीत.

आता दुसरं चित्र. २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा विमानतळ. उतरणारं एअरबस ए-३५० विमान धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. मोठं विमान पेटत पुढे घसरत गेलं. त्यात ३७९ माणसं होती. आतली ध्वनिक्षेपकाची यंत्रणा बंद पडली. आठपैकी तीनच दारं वापरता आली. कर्मचाऱ्यांनी कर्णे हातात घेतले, आणि जिथे तेही पुरले नाहीत तिथे गळा फाडून ओरडले. प्रवाशांनी सामान जागीच सोडलं. ३७९ च्या ३७९ माणसं जिवंत बाहेर आली. थोड्याच वेळात विमान जळून खाक झालं.

सगळ्यांनी कर्मचाऱ्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं, ते योग्यच. पण मला आठवला तो कर्णा. दर उड्डाणाआधी त्या कर्ण्याची बॅटरी चालते ना, हे कुणीतरी तपासतं. टॉर्च लागतो ना, बघतं. संकटकाळच्या दिव्यांनी वीज गेल्यावरही निदान दहा मिनिटं प्रकाश द्यायला हवा, म्हणून त्यांच्या बॅटऱ्या काढून मोजतात. काही विमानांत जमिनीवरच्या पट्ट्या विजेवर नाही, तर उजेड पिऊन अंधारात चमकतात. पहिल्या उड्डाणाआधी विमानातले दिवे ठराविक वेळ लावून ठेवून त्या पट्ट्यांना उजेड पाजावा लागतो. हे वाक्य कवितेचं वाटेल, पण ते देखभालीचं आहे.

हे सगळं परदेशातलं झालं, असं म्हणू नका. ४ सप्टेंबर २००९ रोजी मुंबई विमानतळावर रियाधला निघालेल्या जम्बो विमानाच्या इंजिनाने उड्डाणापूर्वी पेट घेतला. दोनशेहून अधिक माणसं घसरगुंड्यांवरून उतरली. काहींना खरचटलं, पण सगळे वाचले. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुअनंतपुरमहून गेलेलं बोइंग ७७७ दुबईला उतरताना धावपट्टीवर आपटलं. त्यातल्या ३०० जणांपैकी २२६ प्रवासी भारतीय होते. जोराच्या वाऱ्याने काही घसरगुंड्या जमिनीवरून उचलल्या गेल्या, काही दारं वापरता आली नाहीत. अशा वेळीही पुष्कळ जण डोक्यावरच्या कप्प्यातून बॅगा काढत होते. त्याची चित्रफीत जगाने पाहिली. सगळे प्रवासी बाहेर पडले आणि त्यानंतर काही मिनिटांत विमानाचा स्फोट झाला. त्यात एका अग्निशामक जवानाचा जीव गेला.

आता माझ्या त्या दाराकडे परत येतो. प्रत्येक विमानाला किती दारं आणि एका दारातून किती माणसं, याचं गणित बांधलेलं असतं. एक दार बाद झालं, की तेवढी माणसं त्या ९० सेकंदांत बसत नाहीत. म्हणून नियम सांगतो, ते दार वापरात नाही असं लिहा, त्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या ठेवा, प्रवासी कमी करा आणि मगच उडा. त्या दिवशी त्या तरुण मुलाने हेच केलं होतं. कमी केलेल्या माणसांत मी होतो. त्याने सही केली असती, तर बहुधा काहीही झालं नसतं. विमान सुखरूप पोहोचलं असतं आणि मला भाऊ जिवंत भेटला असता. हे मला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक असेल. पण 'बहुधा' या शब्दाखाली सही करता येत नाही, हे त्याला शिकवलं होतं, आणि तो ते विसरला नाही.

माझं दुःख गेलं का? नाही. ओंजळभर मातीचं ऋण तसंच राहिलं. पण ज्याच्यावर राग धरला होता, तो माणूस त्या रागाचा धनी नव्हता, एवढं मला कळलं. त्या विमानात बसलेल्यांपैकी प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊ होता.

आपल्या हाती काय आहे? थोडंच आहे, पण आहे. बसल्या जागेपासून पुढचं आणि मागचं दार किती रांगांवर, हे मोजून ठेवावं. धुरात डोळ्यांनी नाही, हातांनी मोजावं लागतं. खुर्चीखालचं जाकीट आठवण म्हणून घरी नेऊ नये. ही चोरी होते, खरंच होते, आणि म्हणून कुणाला तरी वाकून खुर्च्यांखाली हात घालून ती जाकिटं तपासावी लागतात. जाकीट कधी घालावंच लागलं, तर ते विमानात फुगवू नये, दाराबाहेर पडताना फुगवावं. आणि उतरायची वेळ आली, तर बॅग सोडावी. घसरगुंडीच्या कापडाला तीन वर्षं ज्यांनी अंगठीसुद्धा लागू दिली नाही, त्यांच्या कष्टावर आपण बॅगेची कडी ओढत नेऊ नये.

गेल्या वर्षी अम्मीला घेऊन उमऱ्याला गेलो. विमानाच्या मागच्या भागात अम्मी हात-तोंड धुवायला गेली, मी बाहेर दारापाशी उभा होतो. दाराच्या पेटीवर एक छोटी गोल काच होती. मी वाकून बघू लागलो, तर तिथली हवाईसुंदरी जरा घाबरलीच. "काही हवंय का सर?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही बेटा. सुई बघतोय."

ती क्षणभर गोंधळली, मग हसली. "हिरव्यात आहे, सर. मी सकाळीच बघितली."

अम्मी बाहेर आली. मी तिचा हात धरून तिला जागेवर नेलं. मनातल्या मनात दुआ म्हटली. घरच्यांसाठी म्हणतो तीच. फक्त या वेळी तिच्यात त्या निळ्या कपड्यांतल्या मुलाचंही नाव घेतलं असतं. पण मी त्याचं नाव विचारलंच नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)